घरचा कारखाना : गंजानें जखडलेल्या कमानींची सुटका

गेल्या अंकीं या सदरांत आम्हीं विहिरीवरील पंपाच्या झडपांविषयीं लिहिलें होतें. त्यावर आलेल्या पत्रांतून दोघां-तिघांनीं एकच विचारणा केली आहे : "घरांत वडिलांच्या वेळची मोटार आहे. एंजिन चांगलें चालतें; परंतु आंत बसणाऱ्याचीं हाडें खिळखिळीं होतात. खालचे सगळे सांधे गंजून जखडले आहेत. त्यांवर घरच्या घरीं कांहीं उपाय करतां येईल काय?" योगायोग असा कीं, हाच प्रश्न गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं उभा राहिला होता व त्यावरून चांगलाच वाद माजला होता. त्या हकीकतीच्या आधारेंच या खेपेचें विवेचन करूं.

आमचें घर चिपळुणास. कै. नानांनीं १९८६ सालीं एक पद्मिनी मोटार घेतली. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत होणारी ही गाडी मूळची इटलीच्या फियाट ११०० या घराण्यांतील. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती सर्वांच्या परिचयाची होती. शतक पालटतां पालटतां तिचें उत्पादन थांबलें आणि ऑक्टोबर २०२३ अखेर त्या टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. खाजगी मालकांच्या गाड्या मात्र कोठें कोठें अजून टिकून आहेत; आमची त्यांपैकींच एक. २२ जुलै २०२१ रोजीं वाशिष्ठीच्या महापुरांत ती बॉनेटपर्यंत बुडाली. पुढें एंजिन, ब्रेक व विजेच्या तारा मिस्त्रींनीं दुरुस्त केल्या. खालचा भाग पाण्याच्या झोतानें धुतला. आणि तेवढ्यावर सर्वांनीं समाधान मानिलें. गाळ मात्र कमानींच्या पाट्यांमध्यें व सांध्यांत जाऊन बसला होता, तिकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

मातोश्री माई आतां चौऱ्यायशीं वर्षांच्या. नानांच्या गाडीनें गुहागरास जाऊन एकदां व्याडेश्वराचें दर्शन घ्यावें, अशी इच्छा त्यांनीं बोलून दाखविली. अंतर सुमारें ४५ किलोमीटरांचें. पण रस्ता कोंकणांतला, वळणांचा व चढउतारांचा. वडील बंधु दादा म्हणाले, "गाडी भंगारांत द्यावी आणि माईला भाड्याच्या मोटारीनें न्यावें. ही गाडी एखाद्या वळणावर दगा देईल." आमच्या पुतण्याचें मत असें कीं, सगळ्या कमानी नव्या आणून बसवाव्या म्हणजे काम झालें. आम्ही म्हणालों, "आधीं उघडून तर पाहूं." तिघांच्याही बोलण्यांत कांहीं तथ्य होतें, हें पुढें दिसून येईल.

प्रथम कमानीचें कार्य समजून घेणें अवश्य आहे. बांबूची एक लवचीक कांब वांकवून धनुष्यासारखी जमिनीवर धरा आणि तिची पाठ दाबा. ती सपाट होऊं लागेल आणि तिचीं दोन्ही टोकें एकमेकांपासून दूर सरकतील. मोटारीची कमान नेमकें हेंच करते. खड्ड्यांत चाक आपटलें कीं कमान सपाट होते, आणि सपाट होतांना तिला लांब व्हावें लागतें. म्हणून तिचें पुढचें टोक गाडीच्या देहास एका बोल्टानें जागच्या जागीं जोडतात, आणि मागचें टोक दोन पट्ट्यांच्या एका लहानशा झोपाळ्याला टांगतात. या झोपाळ्यास मिस्त्री लोक शॅकल म्हणतात. तो पुढें-मागें झुलतो, म्हणूनच कमानीला लांब-आंखूड होण्यास वाव मिळतो.

आतां हा झोपाळा गंजानें जखडला तर काय होईल? कमान लांब होऊं शकत नाहीं. म्हणून ती सपाटही होऊं शकत नाहीं. आणि प्रत्येक धक्का जसाच्या तसा गाडीच्या देहांत जातो. पद्मिनी काय किंवा अँबॅसडर काय, या गाड्यांना स्वतंत्र सांगाडा नाहीं. पत्र्याचा देह हाच त्यांचा सांगाडा. ज्या पोलादी घरांत कमानीचें टोक अडकविलेलें असतें तें घर या देहालाच डाग देऊन जोडलेलें असतें. तेव्हां जखडलेल्या कमानीमुळें केवळ बसणाऱ्याचीं हाडें दुखतात असें नव्हे. मुख्य पाटा तरी मोडतो, नाहीं तर तें घर तरी फाटतें. घर फाटलें म्हणजे मागचा आंस एका बाजूस सरकतो, आणि तें भर वेगांत झालें तर सुकाणूवर बसलेल्याच्या हातीं कांहीं राहत नाहीं. दादांची भीति अनाठायीं नव्हती ती यामुळेंच.

गंज इतकी घट्ट पकड कां घेतो, याचेंही उत्तर सोपें आहे. लोखंडाचा गंज झाला कीं तो मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा व्यापतो. उघड्यावर तो फुगून पापुद्र्यांनीं गळून पडतो. पण नट व बोल्ट यांच्या आट्यांमध्यें, किंवा बोल्ट व नळी यांच्यामध्यें, फुगण्यास जागाच नसते. तेथें तो पाचरीसारखा ठांसून बसतो. त्यामुळें जखडलेल्या सांध्यावर केवळ पिळण्याचा जोर लावणें म्हणजे पाचर न काढतां लांकूड ओढण्यासारखें आहे.

सांधा जखडला आहे कीं नाहीं, हें ओळखण्याची एक युक्ति सांगतों. शॅकलच्या पट्टीवर व तिच्या शेजारच्या स्थिर भागावर मिळून खडूनें एक सरळ रेघ ओढावी. मग दोघां वजनदार माणसांना मागच्या सामानाच्या पेटीवर बसवावें. झोपाळा मोकळा असेल तर रेघ तुटून तिचे दोन तुकडे एकमेकांपासून सरकलेले दिसतील. आमच्या गाडीच्या उजव्या बाजूची रेघ गव्हाभर सरकली; डाव्या बाजूची जशीच्या तशी राहिली.

येथें एक लाजिरवाणी गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही पूजेंत असतांना पुतण्यानें उत्साहानें अंगणांत काम सुरू केलें. एकट्या जॅकवर गाडी उचलली, चाक काढलें आणि अंग खालीं घातलें. अंगण ओलें होतें. पाना आणण्याकरितां तो बाहेर सरकतो न सरकतो तोंच जॅक मातींत तिरपा रुतला व गाडी खालीं आली. काढलेलें चाक त्यानें आळसानें तेथेंच गाडीच्या कडेखालीं सारून ठेविलें होतें, त्यावर ती टेकली. नाहीं तर हें सदर लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर आला नसता. दादांनीं एक शब्दही उच्चारला नाहीं. गाडीची किल्ली उचलली आणि ते घरांत गेले. त्या दिवशीं काम तेथेंच थांबलें.

म्हणून, वाचकहो, पुढील नियम आधीं पाळावे आणि मगच पान्यास हात लावावा. गाडी सपाट फरशीवर किंवा कांक्रीटवर घ्यावी. मागची बाजू उचलावयाची असेल तर पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनीं दगड किंवा लांकडी पाचरी लावाव्या. कारण हातब्रेक मागच्या चाकांवर चालतो, आणि तीं चाकें उचललीं कीं त्याचा उपयोग संपला. जॅकनें उचललेली गाडी लगेच दोन भक्कम घोड्यांवर टेकवावी. कमानीचें काम असल्यामुळें घोड्या देहाच्या मजबूत भागाखालीं असाव्या. आंसाखालीं जॅक ठेवावा तो केवळ आंस तोलून धरण्यापुरता. कमान ना ताणलेली ना लोंबकळणारी अशा बेतानें आंस धरला म्हणजे बोल्टांवरील भार उतरतो, आणि भार उतरलेला बोल्ट निम्मा सुटल्यासारखाच असतो. डोळ्यांना चष्मा अवश्य असावा. गंजाची कपची डोळ्यांत गेली तर गाडीपेक्षां मोठी दुरुस्ती पुढें येते.

दोन दिवसांनीं दादांनीं किल्ली परत दिली ती एका अटीवर : काम घाईनें करावयाचें नाहीं, आणि गाडीखालीं जाणाऱ्याजवळ दुसरें माणूस सदैव असलें पाहिजे. ही अट आम्ही या सदराच्या सर्व वाचकांस घालतों.

पहिला उपाय तेलाचा. तारेच्या ब्रशनें आट्यांवरचा गाळ व सुटा गंज आधीं खरवडून काढावा. तसें न करतां ओतलेलें तेल धुळीच्या लेपांतच मुरतें. मग गंजांत शिरकाव करणारें पातळ तेल सोडावें. बाजारांत अशीं तेलें पुष्कळ मिळतात. निळ्या-पिवळ्या डब्यांतील डब्ल्यूडी-४० सर्वांच्या ओळखीचें आहे. परंतु तें १९५३ सालीं अमेरिकेंत तयार झालें तें मुख्यतः धातूवरील पाणी हटविण्याकरितां. हलक्या कामास तें चालतें; जुन्या गंजास खास त्यासाठींच केलेलें तेल बरें. तेलापेक्षांही महत्त्वाचा आहे तो वेळ. दोन पृष्ठभाग जेथें जवळजवळ चिकटलेले असतात, तेथें तेल दिव्याच्या वातींत चढतें तसें आपल्या गतीनें चढतें. सकाळ-संध्याकाळ थोडें थोडें सोडीत पांच दिवस जाऊं द्यावे. माई रोज संध्याकाळीं देवाजवळ दिवा लावीत, त्याच सुमारास पुतण्या गाडीला तेल घाली. "तुझीही सांजवात झाली का रे?" असें त्या त्याला विचारीत.

दुसरा उपाय हातोड्याचा. पण तो मोडण्याकरितां नव्हे, हालविण्याकरितां. नटाच्या एका अंगास जड हातोडा टेकवून धरावा व समोरच्या अंगावर हलक्या हातोड्यानें टोले द्यावे. त्या कंपनानें गंजाच्या थराला बारीक तडे जातात व तेलाला वाट मिळते. बोल्टाच्या टोंकावर थेट लोखंडी हातोडा मारूं नये. आटे पसरतात आणि मग नट मुळींच निघत नाहीं. मारावयाचेंच तर नट टोंकाशीं बरोबर येईल इतका फिरवून मध्यें पितळेचा गज धरावा. पाना नेहमीं बंद तोंडाचा, सहा कोनी आणि नेमक्या मापाचा घ्यावा. पद्मिनीचीं मापें मिलिमीटरांत आहेत, अँबॅसडरचीं मूळचीं मापें इंचांत. एकीचा पाना दुसरीला "बसतो" असें वाटतें आणि नटाचे कोन गोल होतात. नट सोडविण्यापूर्वीं केसभर आवळण्याच्या दिशेनें फिरवावा, मग केसभर उलट, पुन्हां सुलट. असें मागें-पुढें करीत, दर वेळीं तेल देत पुढें जावें. हाताला जर असें जाणवलें कीं पाना फिरतो आहे पण नट मऊ लागतो आहे, तर तत्काळ थांबावें. तो नट सुटत नसतो. बोल्ट पिळला जात असतो.

पांचव्या दिवशीं उजव्या बाजूचे शॅकलचे नट "कट्" असा आवाज करून सुटले. डाव्या बाजूचे तसेच राहिले. तेव्हां तिसऱ्या उपायाचा, म्हणजे उष्णतेचा, विचार सुरू झाला. मुरंब्याच्या काचेच्या बरणीचें पत्र्याचें झांकण घट्ट बसलें कीं वहिनी तें क्षणभर कढत पाण्यांत धरतात. त्या म्हणाल्या, "झांकण सुटतें तें बाहेरचें तापतें म्हणून. तुमच्या नटाचें वेगळें काय आहे?" खरोखरच कांहीं वेगळें नाहीं. पुष्कळांचा समज असा कीं, नट तापविला तर तो आंतल्या बाजूस फुगून अधिक आवळेल. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढवितांना ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हा भ्रम होणार नाहीं. लोहार धांव लाल तापवितो, म्हणजे तिचा घेर मोठा होतो. ती चाकावर सहज बसते. पाणी ओततांच आक्रसून चाकाला मिठी मारते. नटाचें छिद्रही तसेंच तापल्यावर मोठें होतें. पोलादाचें २० मिलिमीटरांचें छिद्र २०० अंश सेल्सियसनें तापविलें तर मिलिमीटराच्या सुमारें विसाव्या हिश्श्यानें वाढतें. ऐकावयास हें क्षुल्लक. पण गंजाची पाचर ढिली होण्यास तेवढें पुरतें. मात्र बाहेरचा भाग तापवावा, आंतला बोल्ट नव्हे.

पण ज्योत? मागच्या शॅकलपासून पद्मिनीची पेट्रोलची टाकी दूर नाहीं; शेजारीं ब्रेकच्या नळ्या आहेत; सांध्याच्या आंत रबरी बुश आहेत; आणि आपण आठवडाभर त्यावर ज्वालाग्राही तेल ओतलेलें आहे. शिवाय कमानीचें पोलाद विशिष्ट पाणी दिलेलें असतें. तें लाल होईतों तापविलें तर पाणी उतरतें व कमान पुढें केव्हां तरी बसते किंवा मोडते. म्हणून घरीं या जागीं ज्योत कदापि वापरूं नये. आजकाल चांगल्या गॅरेजांत विजेच्या कड्यानें केवळ नटच तापविणारें यंत्र असतें, तें उत्तम. आम्हीं वहिनींचाच मार्ग पत्करला. नटाभोंवतीं जाडें फडकें गुंडाळून बाजूनें किटलीनें उकळतें पाणी धरलें, फडकें काढून तत्क्षणीं तेल सोडलें. उकळत्या पाण्यानें तेंच छिद्र मिलिमीटराच्या साठाव्या हिश्श्याइतकेंच वाढतें. परंतु तापणें व निवणें पुनःपुन्हां झालें म्हणजे पकड ढिलावते आणि निवतांना तेल आंत ओढलें जातें. तिसऱ्या दिवशीं डावे नटही फिरले. किटली अर्थातच स्वयंपाकघरांत परत गेली नाहीं.

एवढ्यानें विजय झाला असें वाटलें, तों डाव्या कमानीच्या पुढच्या टोंकाचा बोल्ट आडवा आला. त्याचा नट निघाला, पण बोल्ट जागचा हालेना. कारण तो रबरी बुशाच्या मधल्या पोलादी नळीशीं एकजीव झाला होता. अशा जागीं हातोडा निरुपयोगी ठरतो. प्रत्येक टोला भोंवतालचें रबरच गिळून टाकतें. पुतण्यानें मोठा घण मागितला. तेव्हां वृद्ध मिस्त्री जें बोलले तें या साऱ्या विषयाचें सार आहे : "भाऊ, जोर लावण्याआधीं एक ठरवा. या दोघांपैकीं मरायचं कोणी? बोल्ट बाजारात मिळतो. ज्या घरात तो अडकलाय, तें घर बाजारात मिळत नाही."

जखडलेला सांधा म्हणजे नेहमीं दोन वस्तूंची मिठी असते आणि त्या दोन वस्तूंची किंमत सारखी नसते. आंधळ्या जोरानें जी आधीं मोडेल ती मोडते. ती बहुधा आपणांस हवी असलेलीच असते. म्हणून कोणाचा बळी द्यावयाचा हें कारागिरानें आधीं ठरवावें, मोडण्यावर सोंपवूं नये. नट व घर यांत नट कापावा. बोल्ट व कमान यांत बोल्ट कापावा. बुश व देह यांत बुश जावा. आम्हीं बोल्ट व बुश यांचा बळी ठरविला. करवतीचें नुसतें पातें एका टोंकास चिंधी गुंडाळून हातांत धरलें आणि कमानीचा डोळा व घराची भिंत यांच्या फटींतून दोन्ही बाजूंनीं बोल्ट कापावयाचा. काम कंटाळवाणें; आणि पातें तिरपें गेलें तर घराचीच भिंत कापली जावयाची. पुतण्याचा हात थरथरूं लागला तेव्हां दादा पंचा खोंचून खालीं उतरले. दोन तास मुकाट्यानें बसून त्यांनीं तो बोल्ट कापला. भिंतीवर ओरखडाही उठला नाहीं.

कमान खालीं उतरली आणि मग खरी गोष्ट उजेडांत आली. डाव्या बाजूच्या घरावर पुराच्या गाळाचें बोटभर पुट चढलें होतें. तें खरवडतां खरवडतां पेंचकस आरपार गेला. बाहेरून काळा रंग शाबूत. आंतून पत्र्याचा भुगा. नव्या कमानी आणून तशाच बसविल्या असत्या, तर पहिल्याच मोठ्या खड्ड्यांत त्या नव्या कमानींनीं तें घर उखडून नेलें असतें. सांधा जखडला होता म्हणून आम्हीं तो उघडला, आणि उघडला म्हणूनच हें दिसलें. दादा म्हणाले, "मी म्हणत होतों तें हेंच." आणि तें खरेंच होतें. हें काम घरचें नव्हे हें ओळखून आम्हीं तें मिस्त्रींवर सोंपविलें. पेट्रोलची टाकी उतरवून दूर नेल्यावर व बॅटरी सोडविल्यावर त्यांनीं कुजलेला पत्रा चांगल्या लोखंडापर्यंत कापून काढला आणि जाड नवा पत्रा डाग देऊन बसविला. घराच्या कुजलेल्या भागावर केवळ ठिगळ मारणारा कारागीर भेटल्यास त्याला नम्रपणें रजा द्यावी.

कमानीचे पाटे सुटे करतांना मधला बोल्ट काढण्यापूर्वीं ते शिकंजांत घट्ट धरावे, नाहीं तर उसळतात. माईंनीं सुचविलें कीं देवाचीं तांब्या-पितळेचीं उपकरणीं चिंचेनें लखलखतात, तर पाटेही चिंचेच्या पाण्यांत ठेवावे. नट, वायसर अशा सुट्या साध्या लोखंडी वस्तूंना आंबट पाणी खरोखरच लागू पडतें. नंतर स्वच्छ धुवून, सुकवून तेल लावलें म्हणजे झालें. परंतु कमानीच्या कडक पोलादाला व उच्च प्रतीच्या बोल्टांना आम्लांत बुडवूं नये. आम्लांतून सुटलेला हायड्रोजन त्यांत शिरून पोलाद ठिसूळ होण्याचा संभव असतो. पाटे तारेच्या ब्रशनेंच घासावे, कोठें चीर नाहीं ना तें उजेडांत पाहावें आणि मध्यें ग्रॅफाइटचें ग्रीस लावून जुळवावे.

जोडणींतील तीन गोष्टी विसरूं नयेत. पहिली, रबरी बुशाला साधें खनिज ग्रीस किंवा तेल लावूं नये. रबर फुगतें व सडतें. बसवितांना साबणाचें पाणी पुरे. दुसरी, नवे बोल्ट मूळच्याच प्रतीचे असावे. मिलिमीटरी बोल्टाच्या माथ्यावर ८·८ किंवा त्याहून वरचा अंक कोरलेला पाहून घ्यावा. तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षिलेली : रबरी बुशाचे बोल्ट शेवटचे आवळावयाचे ते गाडी चाकांवर उभी करून, तिचें वजन कमानींवर पडल्यावर. कमान लोंबकळत असतां आवळले, तर गाडी खालीं आल्याबरोबर रबर पिळलेलें राहतें आणि वर्षाच्या आंत फाटतें. पुन्हां जोडणाऱ्यावर दया म्हणून प्रत्येक बोल्टाच्या अंगाला जखडप्रतिबंधक लेप लावावा. यू-बोल्टांचे नट ५०० किलोमीटरांनंतर पुन्हां एकदां तपासावे; पाटे बसतात व नट ढिलावतात.

पुढच्या बाजूविषयीं दोन शब्द. पद्मिनीच्या पुढें गुंडाळलेल्या स्प्रिंगा आहेत. त्या दाबून बसविलेल्या असतात व योग्य शिकंजाशिवाय सोडविल्या तर प्राणघातक वेगानें उसळतात. तेथें घरच्या माणसानें हात घालूं नये. ज्या खिळीवर पुढचें चाक वळतें तिचे ग्रीसचे निपल मात्र अवश्य सांभाळावे. निपलांतून ग्रीस जात नसेल तर जोर करूं नये. निपल काढून घासलेटांत धुवावा, छिद्रांतील कडक झालेलें जुनें ग्रीस तारेनें काढावें, पातळ तेल सोडून एक रात्र थांबावें. चाक उचलून धरून ग्रीस भरावें व जुनें काळें ग्रीस बाहेर पडून नवें दिसूं लागेपर्यंत भरावें. दर दोन हजार किलोमीटरांनीं, आणि गाडी उभीच असेल तरी पावसाळ्याच्या आधीं व नंतर एकेकदां, एवढें केलें तर हा लेख पुन्हां वाचण्याची पाळी येणार नाहीं. कोंकणांत पावसाळ्यानंतर गाडीचा तळ गोड्या पाण्यानें धुणें, हें दसऱ्याच्या हारापेक्षां अधिक पुण्यप्रद आहे.

एकंदर काम पांच आठवडे चाललें. खडूची रेघ पुन्हां ओढली तेव्हां दोन्ही बाजूंस ती सारखीच तुटली. माघांत एका सोमवारीं माईंना घेऊन आम्ही गुहागरास गेलों. गाडी दादांनींच चालविली, आणि पुतण्याला त्यांनीं आपल्या शेजारीं बसविलें. परत येतांना माई म्हणाल्या, "नानांच्या वेळीं असाच झोंका लागायचा." घरीं आल्यावर दादांनीं भंगारवाल्याचा विषय काढला नाहीं, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर ज्येष्ठ व आश्विन या दोन महिन्यांपुढें "गाडी, ग्रीस" एवढें मात्र आपल्या हातानें लिहून ठेविलें.

पुढील अंकीं पावसाळ्यापूर्वींच्या कौलांच्या दुरुस्तीचा विचार करूं.